आईचे म्हणणे

नेहमी दोन अंश जास्त दाखवणारा तापमापक फेकून देण्याचे कारण नसते; दोन वजा केले की तो बिनचूक होतो. ताप चढला की उतरलेला दाखवणारा आणि उतरला की चढलेला दाखवणारा तापमापकसुद्धा उपयोगीच असतो, फक्त तो न चुकता उलटा असला पाहिजे. निरुपयोगी असतो तो लहरी तापमापक. मोजमापाच्या शास्त्रातले हे प्राथमिक तत्त्व ‘सोबत’ या प्रणालीच्या मुळाशी होते. प्रणोती चौगुले हिला ते कोणी सांगितले नव्हते. तापमापकाला सांगायचे काय?

कर्करोग झालेल्या मुलांच्या त्या इस्पितळात चौथ्या मजल्यावर चाळीस खोल्या होत्या आणि एका पाळीला दोन परिचारिका. पूर्वी बारा असत. परिचारिका मिळेनाशा झाल्या तेव्हा धोरण बदलले आणि बदललेल्या धोरणाला एक सुंदर नाव मिळाले : ‘कुटुंब हाच शुश्रूषेचा भागीदार’. प्रत्येक मुलासोबत घरातले एक माणूस खोलीत राही, औषधे देई, लघवी मोजी, छातीतून रक्तवाहिनीत गेलेली नळी निर्जंतुक करी. त्याच्या मनगटावर एक पट्टा असे. दिवसातून अनेकदा तो पट्टा मऊ आवाजात एकच प्रश्न विचारी : “बाळ कसं आहे?” उत्तर आपल्या शब्दांत द्यायचे.

प्रश्न भाबडा वाटला तरी त्यामागे पुरावा होता. लहान मुलाच्या रक्तात जंतू पसरू लागले की त्याचे शरीर बराच काळ सोंग करते. रक्तवाहिन्या आवळून ते रक्तदाब टिकवून धरते, आणि सोंग संपते तेव्हा रक्तदाब एकदम कोसळतो. यंत्रांना कळते ते तो कोसळल्यावर. आईला मात्र त्याच्या कितीतरी आधी ‘आज हिचं काहीतरी वेगळं आहे’ असे वाटलेले असते. अडचण होती ती शब्दांची. एक आई मुलाचे पोट साफ झाले नाही तरी ‘पोर हातचं गेलं’ म्हणते. दुसरी, मूल बेशुद्ध होत असताना ‘जरा मलूल आहे’ एवढेच म्हणते. म्हणून ‘सोबत’ने शब्दकोश बाजूला ठेवला. पालकाचे प्रत्येक वाक्य ती पुढच्या काही तासांत मुलाचे रक्त काय सांगते याच्याशी ताडून पाही, आणि त्या माणसाच्या तोंडी त्या शब्दांचा अर्थ काय, हे स्वतःच ठरवी. ज्याचे बोलणे आणि मुलाची प्रकृती यांचा संबंध पक्का, त्याचा ‘विश्वासांक’ मोठा. संबंध सुलट आहे की उलट, म्हणजे त्या अंकाचे चिन्ह धन आहे की ऋण, याची नोंद प्रणालीच्या आत राही. खोलीच्या दारावर नुसता अंक दिसे. चिन्ह दाखवले तर पालक गोंधळतील असे ठरवणाऱ्यांना वाटले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नव्हते.

“चौऱ्याण्णव!” सिस्टर रूथ दारातूनच म्हणाली. मजल्यावरच्या दोघींपैकी ती थोरली. मिरजेची, पन्नाशीची, आवाज खणखणीत. “धाराची आई, अख्ख्या मजल्यावर पहिला नंबर तुमचा. आमच्या डॉक्टरांचासुद्धा एवढा यायचा नाही.”

मास्कच्या वर प्रणोतीचे डोळे उजळले. काचेपलीकडे तिचा नवरा अभिनंदन जेवणाचा डबा घेऊन उभा होता. काचेला लावलेल्या फोनवरून त्याने विचारले, “आणि माझा किती, सिस्टर?”

“तुमचा तीन.”

“शंभरात?”

“शंभरातच, दादा.”

पहिले काही आठवडे चार वर्षांच्या धाराजवळ तो राहिला होता. मुलगी हसली की तो पट्ट्याला सांगे, ‘एकदम ठणठणीत’. तिला ठसका लागला की, ‘संपलं सगळं.’ दोन्ही उद्गारांचा धाराच्या रक्ताशी काही संबंध सापडला नाही, आणि प्रणालीने त्याला नम्रपणे कळवले : आपले म्हणणे नोंदवले जाईल, हिशेबात धरले जाणार नाही. तेव्हापासून आत प्रणोती आणि बाहेर तो.

“दिवसभर फौंड्रीत कास्टिंग मोजतो मी,” तो प्रणोतीला म्हणाला. “केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवतो. आणि पोटच्या पोरीबाबत तीन!”

“कास्टिंगला तुम्ही पोटाशी धरत नाही म्हणून.”

“आणि तू धरत नाहीस का हिला?”

“मी बघते आधी. तुम्ही बघायच्या आधीच घाबरता.”

त्या वेळी दोघेही हसले. पण औषधाची पुढची फेरी लांबवायची का, धाराला अंघोळ घालायची का, आजीशी फोनवर बोलू द्यायचे का, हे सगळे डॉक्टर प्रणोतीला विचारू लागले आणि अभिनंदनला ठरल्यावर कळू लागले. तो काचेशी येऊन ‘काय ठरलं?’ असे विचारी. आपल्याला मुलगी आज कशी दिसते, हे सांगणे त्याने हळूहळू सोडून दिले. हिशेबात न धरले जाणारे वाक्य माणूस किती दिवस उच्चारणार?

प्रणोतीच्या अंकामागचे कारण प्रणालीला ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याची गरजही नव्हती. कारण भाषेत होते. आपल्याकडे घरातले तांदूळ संपत नाहीत, ते वाढतात. बांगडी फुटत नाही, ती वाढते. निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. प्रणोती ज्या घरात वाढली तिथे हा नियम माणसांच्या तब्येतीलाही लागू होता. आजारी मुलाला वाईट म्हटले की घर ते ऐकते आणि ‘तथास्तु’ म्हणते. धडधाकट मुलाला चांगले म्हटले की दृष्ट लागते. इस्पितळात आल्यावर पहिल्याच दिवशी धाराच्या गालावरची तीट स्पिरिटने पुसली गेली. मीठ-मोहऱ्यांना बंदी होती, मनगटातल्या काळ्या दोऱ्याला बंदी होती. बंदी घालता न येणारे एकच साधन राहिले, ते म्हणजे बोलणे, आणि सगळी राखण दोन वाक्यांवर आली. धारा नीट जेवली, खेळली, की प्रणोती पट्ट्याला सांगे, ‘बरी नाही.’ तिचे ओठ सुकले, डोळे खोल गेले, की सांगे, ‘बरी आहे.’ यात ती कधीही चुकली नाही.

परिणामी व्यवस्था उत्तम चालली. दोनदा असे घडले की प्रणोतीने ‘बरी आहे’ म्हटले आणि थोड्याच वेळात रूथ रक्त घ्यायला हजर झाली. दोन्ही वेळा संसर्ग अगदी सुरुवातीला सापडला. शुभ बोलल्याचे हे फळ, अशी प्रणोतीची समजूत झाली. एका अर्थाने तिचे बरोबर होते.

रूथच्या मात्र एकदा लक्षात आले होते. “मघाशी पट्ट्याला काय सांगितलंत तुम्ही?” तिने विचारले. धारा पलंगावर उभी राहून तिच्याच स्टेथोस्कोपने तिला तपासत होती.

“बरी नाही म्हटलं.”

“ही बरी नाही? अहो, मला दोन इंजेक्शनं देऊन झाली हिची!”

“सिस्टर, हळू बोला की.”

“आमच्यात नसतं बाई असलं काही.”

“नसतं? मग परवा शेजारच्या खोलीतला पोरगा घरी निघाला, तेव्हा लाकडाला हात लावायचा म्हणून तुम्ही खोलीभर लाकूड शोधत होता, ते कोण?”

“आणि सापडलं का? सगळं मेलं प्लॅस्टिक!” रूथ इतक्या जोरात हसली की धाराने तिला तोंडावर बोट ठेवून दटावले.

तिसऱ्या औषधफेरीनंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर येतात. त्या काळात शरीर जंतूंशी लढत नाही, म्हणून लढाईची चिन्हेही दाखवत नाही. शिवाय धाराला स्टेरॉइड चालू होते, ते ताप दाबून टाकते. अशाच एका सकाळी पलंगाशेजारचे यंत्र सांगत होते : ताप नाही, रक्तदाब योग्य, नाडी जरा जलद. नाडीचे कारण रक्त कमी असणे हे आधीच नोंदलेले होते.

प्रणोतीने नळी पुसायला घेतली. रोज या वेळी धारा तिचा हात ढकलून देई, ‘थंड लागतं’ म्हणून भांडे. आज तिने पुसू दिले. तिची बोटे गार होती. प्रणोतीने ती आपल्या तळव्यांत धरली, तेव्हा धारा डोळे न उघडता म्हणाली, “आई, मला खाली ठेव.”

“कुठनं खाली, बाळा?”

“खाली ठेव ना गं.”

ती पलंगावर पडलेली होती. तिला कोणी उचललेले नव्हते.

“बाळ कसं आहे?” पट्ट्याने विचारले.

अशा वेळी काय म्हणायचे हे प्रणोतीला चांगले माहीत होते. ते वाक्य ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. घराचे भय, दृष्टीचे भय, सगळे ‘मला खाली ठेव’ या तीन शब्दांच्या मानाने अचानक लहान झाले. ती म्हणाली, “बरी नाही. बरी नाही हो माझी धारा. कुणीतरी या लवकर.”

“नोंद घेतली. धन्यवाद,” पट्टा म्हणाला.

मजल्याच्या मध्यावरच्या टेबलाशी मोठा पडदा होता. त्यावर चाळीस मुले धोक्याच्या क्रमाने लावलेली असत आणि परिचारिका त्याच क्रमाने खोल्यांत जात. सकाळच्या जलद नाडीमुळे धारा सहावी होती. आईचे म्हणणे येताच ती चौदावी झाली.

प्रणालीच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. या बाईने ‘बरी नाही’ म्हटल्यानंतर मूल सुखरूप असते, हे तिने दोनशेहून अधिक वेळा पाहिले होते. प्रणोतीने घंटा दाबली. घंटाही त्याच यादीतून जात असे. ती पुन्हा बोलली, मग ओरडली. ठामपणे केलेले विधान जास्त वजनाचे, असा नियम होता. ती जितक्या जोराने ओरडली तितकी धारा खाली सरकली. दार उघडून बाहेर पळणे तिच्या मनात आले, पण खोलीला दोन दारे होती, एक लागल्याशिवाय दुसरे उघडत नसे, आणि ‘आई, खाली ठेव’ म्हणणाऱ्या मुलीला तेवढा वेळसुद्धा एकटे टाकणे तिला जमले नाही. तिने नवऱ्याला फोन केला. तो फौंड्रीतून निघून इस्पितळात पोहोचेपर्यंत दीड तास गेला.

त्याने काचेतून एकदा आत पाहिले आणि थेट टेबल गाठले. रूथ नव्हती, एका मुलाच्या नाकातून रक्त थांबत नव्हते, ती त्या बंद खोलीत होती. दुसरीही कुठल्यातरी खोलीतच. दोन मजले सांभाळणारा डॉक्टर मुजावर तेवढा पडद्यासमोर उभा होता. तिशीतला, तीन दिवसांची दाढी वाढलेला.

“डॉक्टर, माझ्या मुलीला बघा. चौगुले. धारा.”

मुजावरने पडद्यावर बोट फिरवले. “धारा एकविसावी आहे, चौगुलेसाहेब. हिरव्यात आहे. सकाळपासून उलट सुधारतेय.”

“तिची आई आत ओरडतीय.”

“आईचं म्हणणं धरूनच हे आलंय. आणि तुमच्या मिसेसचा अंक या मजल्यावर सगळ्यात मोठा आहे. यंत्राचं नसतं ऐकलं मी, पण त्यांचं ऐकतोय.”

“नुसतं येऊन बघून जा!”

“वरच्या वीस मुलांपैकी कुणाला सोडून येऊ ते सांगा. खरंच सांगा, मी येतो.”

अभिनंदन टेबलावरून पुढे वाकला. त्याची नजर पडद्यावर होती. धाराच्या नावाखाली ‘आईचे म्हणणे’ असा रकाना होता. त्यात एकाखाली एक तीच वाक्ये : बरी नाही. बरी नाही. या ना कुणीतरी, ती बरी नाही. प्रत्येक ओळीपुढे खाली जाणारा हिरवा बाण.

अभिनंदनच्या घरी साखर संपत असे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायको ‘साखर वाढली’ म्हणाली तेव्हा त्याने डबा उघडून पाहिला होता, आणि ती पोट धरून हसली होती. फौंड्रीत त्याने उलट्या काट्याचे मापही हाताळलेले होते. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात एकमेकींवर आदळल्या.

“ती उलटं बोलते, डॉक्टर!”

“ते प्रणालीला माहीत असतं. तसं असेल तर ती तेही जमेला धरते.”

“तेच म्हणतोय मी! आज ती सुलटं बोलतीय!”

मुजावरने त्या वाक्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. मग त्याने यादी मोडण्याच्या परवानगीसाठी फोन उचलला. पलीकडून थांबण्याची सूचना देणारे संगीत सुरू झाले. अभिनंदन तोवर काचेशी पोहोचला होता.

“प्रणोती, बरी आहे म्हण.”

“काय?”

“पट्ट्याला सांग. धारा बरी आहे. मोठ्यांदा.”

“अहो, ती बरी नाही! डोळे उघडत नाही ती!”

“म्हणूनच म्हण! तुझं उलट धरतंय ते. तू रोज म्हणतेस तसं म्हण, माझे आई, हात जोडतो.”

प्रणोतीने धाराकडे पाहिले. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या. ते वाक्य ती आजवर भयाने म्हणत आली होती आणि त्या भयाला निदान आशेची किनार होती. आता ते तिला उपकरण म्हणून वापरायचे होते. ती म्हणाली, “बरी आहे. छान आहे माझी धारा. एकदम बरी आहे.”

यंत्राला तिच्या आवाजात नवे काही आढळले नाही. हे वाक्य ती नेहमी असेच म्हणत आली होती, समोर जे दिसे त्याच्या विरुद्ध.

मजल्यावर लाल दिवे लागले. मुजावर फोन टाकून धावत आला, त्याच्यामागे हातमोज्यांवर दुसऱ्या मुलाचे रक्त असलेली रूथ. रक्तदाब तेव्हाच कोसळायला लागला होता. औषध छातीतल्या नळीतून गेले, सलाईन दाबून भरले गेले, पलंगच्या पलंग अतिदक्षता विभागात नेला गेला. अशा संसर्गात औषध पहिल्या तासात पोहोचले तर बहुतेक मुले वाचतात. धाराला ते पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुजावर अतिदक्षता विभागात आला. धारा व्हेंटिलेटरवर होती. मूत्रपिंडे थांबली होती, आणि मेंदूच्या तपासण्यांचे निष्कर्ष त्याआधीच विभागप्रमुखांनी दोघांना समजावून सांगितले होते. मुजावरने स्टूल ओढून घेतले.

“तुमच्या शब्दाचं चिन्ह ऋण होतं,” तो प्रणोतीला म्हणाला. “आम्हाला दिसत नाही ते. आम्हालाही नुसता अंकच दिसतो.”

“म्हणजे मी खोटं बोलते, असं धरून चालला होता तुम्ही.”

“खोटं नाही. उलट.”

“उलटही नव्हतं ते. राखत होते मी तिला.”

रूथ सलाईनची बाटली बदलत होती. बाटली लावून झाली तरी ती तिथेच उभी राहिली.

“आणि मग एकदा खरं बोलले,” प्रणोती म्हणाली. अभिनंदनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही आणि त्याच्याकडे पाहिलेही नाही.

“श्वासाचं यंत्र थांबवायचं का, हे आज ठरवायचंय,” मुजावर म्हणाला. “वैद्यकीय मत तुम्हाला सांगितलंय. पण नियमाप्रमाणे भागीदाराचं निरीक्षण घेतल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही.”

“मी सांगतो,” अभिनंदन म्हणाला. “तिला कशाला विचारता?”

“तुमचं नोंदवून घेतो,” मुजावर म्हणाला. पुढचे वाक्य त्याने उच्चारले नाही. ते सगळ्यांना पाठ होते.

प्रणोतीने मनगट पुढे केले. “याला काय सांगू आता? बरी आहे म्हटलं तर एक धरणार, बरी नाही म्हटलं तर दुसरं. माझ्याकडं तिसरा शब्द नाही, डॉक्टर.”

“त्याला नका सांगू. मला सांगा. बरी, बरी नाही, यातलं काहीच नको. दिसतं तेवढं सांगा, मी लिहून घेतो.”

ती खुर्चीतून उठून पलंगाशी वाकली. तिने धाराच्या अंगावरची चादर पायांकडून दुमडली आणि घाई न करता बघायला सुरुवात केली.

“पायाची बोटं काळी पडलीत. काल नखांपर्यंत होती, आज घोट्याच्या खालपर्यंत चढलंय. पोटऱ्या गार आहेत. पोट फुगलंय. छाती वरखाली होते, पण यंत्राचा आवाज आला की मगच. आधी कधी नाही.” तिने धाराच्या पापण्या अंगठ्याने उचलल्या, जशा रूथ उचलत असे. “डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या आहेत. उजेड केला तरी तेवढ्याच.”

मुजावर शब्दन्शब्द लिहीत होता. “आणखी काही?”

“काल तिच्या मुठीत बोट दिलं की ती जरा आवळायची.” प्रणोतीने आपले बोट धाराच्या तळव्यात ठेवले आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटली. “आज मीच आवळते, तेवढंच.”

मुजावरने तेही लिहिले. मनगटावरच्या पट्ट्याने ते सगळे ऐकले होते. पण या बाईच्या तोंडून असली वाक्ये त्याने पूर्वी कधी ऐकली नव्हती, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणताही बाण उमटला नाही. रूथने पलंगाचा कठडा खाली घेतला. मुजावर व्हेंटिलेटरकडे वळला, तेव्हाही प्रणोतीने ती मूठ तशीच मिटून धरली होती.